दहावीनंतरचे फॉर्म भरून देणारी बेळगावची सायबर केंद्रं : कामाची, पण अर्धीच

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की या केंद्रांवर झुंबड उडते. टायपिंग झपाट्यात, फोटो-सही योग्य आकारात. तिथे पैकीच्या पैकी गुण. सल्ल्याचं मात्र अवघड आहे. ६२५ पैकी गुण पाहिले की सरळ पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स! डिप्लोमा ३ वर्षांचा, नंतर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

अर्ज अडतो तो बहुधा जात-उत्पन्न दाखल्याच्या आरडी नंबरवर, म्हणजे दाखल्यावर छापलेल्या क्रमांकावर. दाखल्यावरचं नाव आणि मार्ककार्डावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. मराठी आडनावाचं कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग तर हमखास घोटाळा करतं, म्हणून आधी तेच तपासा.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिकडच्या तांत्रिक प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. केंद्रवाले साधा शाळेचा दाखला जोडून मोकळे होतात. नमुना स्वतः छापून न्या, भरलेला अर्ज ‘सबमिट’आधी वाचा. टायपिंगपुरतं जा, सल्ला शाळेतल्या गुरुजींकडून घ्या.