मलेरियाचा कल कशावरून ओळखायचा: घरोघरची पाहणी की गरोदरपणाची तपासणी?

टांझानियात जिल्हा आरोग्याचं काम करणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, दोन्हींतलं कशावर विसंबू?

घरोघरच्या राष्ट्रीय पाहणीत 5 वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासतात. नमुना नीट निवडलेला, म्हणून आकडा भरवशाचा. पण खर्च मोठा आणि फेरी काही वर्षांतून एकदाच.

बहुतेक गरोदर बायका मात्र दवाखान्यात येतातच. बोटाला सुई, थेंबभर रक्त पट्टीवर, 15-20 मिनिटांत मलेरियाची रेघ उमटते की नाही ते कळतं. टांझानियात पहिल्याच भेटीत ही चाचणी होते, त्यामुळे दर महिन्याला आकडा हाती, वेगळा फौजफाटा न लावता. खोट इथेही आहे. दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या सुटतात. किट संपले की त्या महिन्याचा रकाना कोरा. शिवाय पहिलटकरणींत संसर्ग जास्त सापडतो, कारण वारेत साचणाऱ्या परजीवीविरुद्धची प्रतिकारशक्ती पुढच्या गरोदरपणांत वाढत जाते. त्यांचे आकडे वेगळेच मांडा, हे मी पुन्हापुन्हा सांगेन.

देशभरातल्या मुलांमधलं प्रमाण हवं असेल, तर पाहणी. या पावसात कुठल्या भागात मलेरिया चढतोय, मच्छरदाण्या आधी कुठे धाडायच्या, हे ठरवायचं असेल, तर गरोदरपणाची नोंदवही.