पुण्यातला स्टुडिओ की वाईतल्या वाड्याचा सोपा?

छापचित्रं करणारे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर किंवा लाकडावर चित्र कोरून, शाई लावून, प्रेसखाली कागदावर त्याच्या प्रती काढणारे, त्यातही ज्यांचं स्वतःचं प्रेस आहे असे बरेच जण हल्ली विचारतात: पुण्यातच राहावं की एखाद्या लहान गावी जावं? मी दोन्ही केलं आहे. आधी कर्वेनगर-कोथरूडच्या भाड्याच्या जागा, आता वाई. भाडी, ट्रॅफिक, शांतता हे मुद्दे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो.

पुण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. तांब्याचा पत्रा हवा तर कसबा पेठेतली तांबट आळी आहे. तिथे नुसतं बोट फिरवून पत्र्याची जाडी सांगणारी माणसं भेटतात. शाई आणि रोलरसाठी अप्पा बळवंत चौक, कागदासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था, 1940 पासूनची. आपलं काम तर पुण्याच्या मातीतलंच आहे. पुण्यात कोरीवकाम शिकलेल्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरली आणि 1805 मध्ये ती मिरजेत छापली गेली, हे या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. शिवाय संध्याकाळी ओला ठसा, म्हणजे नुकतीच काढलेली प्रत, घेऊन एखाद्या जाणकाराच्या घरी जाता येतं. ‘इथे रेघ मेली आहे’ असं तोंडावर सांगणारं माणूस पुण्यात पंधरा मिनिटांवर असतं. शनिवार-रविवारी शिकवण्याचे वर्ग घेतले की महिन्याचा खर्च निघतो. हे सगळं सोडणं सोपं नाही.

माझा निर्णय मात्र 11 महिन्यांच्या भाडेकरारावर झाला.

नोकरदार भाडेकरूला या कराराचा त्रास ठरलेला असतो. पुन्हा एजंटचे पैसे, नोंदणी, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि झालं. प्रेसवाल्याचं तसं नसतं. माझं प्रेस बिडाचं आहे. ते उचलायला चेनपुली लागते, आणि टेम्पोवाला ते नुसतं बघूनच दर वाढवतो. नव्या जागी आलं की बेड, म्हणजे प्लेट ठेवायचा सपाट पाट, लेव्हलला आणायचा, रोलरचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा करायचा, रोलरखालचे लोकरी फेल्ट पुन्हा बसवायचे. तेही जमतं. पण एखाद्या प्लेटच्या, म्हणजे कोरलेल्या पत्र्याच्या, निम्म्या प्रती जुन्या घरात काढल्या आणि उरलेल्या नव्या घरात, तर त्या एका आवृत्तीतल्या दिसत नाहीत. दाब बदलतो, हवा बदलते, भिजवलेला कागद वेगळं पाणी धरतो, आणि आधीच्या प्रतींतला काळा पुन्हा मिळत नाही. ज्याने हे भोगलं नाही त्याला ही बारीकसारीक कुरबुर वाटेल, पण माझं सगळं काम त्या काळ्यावरच उभं आहे.

घरमालकांना मी दोष देत नाही. एकांना मुलीसाठी जागा हवी होती, दुसरीकडे सोसायटीने ‘फक्त घरगुती वापर’ हा नियम दाखवला, एका घरी खालच्या मजल्यावरच्या आजींना लाकूड कोरण्याची ठकठक सोसेना. प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. याचा परिणाम मात्र माझ्या कामावर झाला. 11 महिन्यांत आटपतील अशीच कामं मी निवडू लागलो. लहान प्लेट, एकच रंग, मोजक्या प्रती. मोठं काही मनात आलं की आधी करार कधी संपतो ते आठवायचं. चित्राचा आकार भाडेकराराने ठरवावा, हे मला मान्य होईना.

कागदोपत्री करार वाईतही 11 महिन्यांचाच असतो. पण इथल्या कितीतरी जुन्या वाड्यांचे मालक पुण्या-मुंबईला राहतात. वाडा उघडा राहावा, सांजवात व्हावी, वासे वाळवीने खाऊ नयेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. निदान माझा अनुभव तसा आहे. पुण्यात एका खोलीला जे भाडं देत होतो, त्यात इथे सोपा (वाड्याची पुढची पडवी), माजघर आणि मागचं अंगण मिळालं. अंगणात पत्र्यावर रेघा खोदायचं अ‍ॅसिडचं काम उघड्यावर करता येतं, आणि सोप्यात कोरताना खाली कोणी राहत नाही. प्रेस एकदा बसवलं ते तिथेच आहे. आता कृष्णेच्या घाटांची मालिका चालली आहे, चार रंगांची, आणि ती कधी पुरी करायची हे मला कोणी विचारत नाही. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि पुढचे खंड कित्येक वर्षं येत राहिले. लांब पल्ल्याच्या कामाला हे गाव मानवतं, अशी माझी समजूत आहे.

वाईच्या अडचणी लपवणार नाही. ओला ठसा दाखवायला इथे कोणी नाही. फोटो पाठवून मत मागवता येतं, पण फोटोत रेघेची खोली कळत नाही. प्रदर्शनं, नाटकं, डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव, सगळ्यासाठी पुण्याला 90 किलोमीटर जावं लागतं, आणि रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, म्हणून मी आठवड्याच्या मधल्या वारीच जातो. वर्ग बंद झाल्याने उत्पन्न घटलं, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. आणि दिवसभर घरी दिसणारा माणूस मोकळाच आहे असं शेजारी धरून चालतात. प्रेमाने येतात, बसतात. दुपारी दार लोटून घ्यायची सवय मला मुद्दाम लावून घ्यावी लागली.

इतर गावांचं म्हणाल तर, भोर पुण्याला जास्त जवळ आहे आणि गाव सुंदर आहे. मात्र तिथला पाऊस कागदाला झेपत नाही. मित्राकडे ठेवलेल्या माझ्या कागदांवर श्रावणाच्या आत बुरशी आली. कॅनव्हास किंवा मातीचं काम करणाऱ्यांनी भोर जरूर बघावं. सासवडला मला पुण्यासारखेच एजंट आणि पुण्यासारख्याच अटी भेटल्या, म्हणून तिथे थांबलो नाही.

ज्यांचं काम लॅपटॉपवर किंवा पाठीवरच्या पिशवीत मावतं, त्यांना पुणं सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. जड सामान आणि वर्षानुवर्षांची कामं असतील, तर वाईत एक चक्कर मारा, तीही पावसाळ्यात. भिंतींची ओल कुठवर चढते ते तेव्हाच कळतं. धोम धरणाचं पाणी सोडलं की कृष्णा ढोल्या गणपतीच्या देवळापर्यंत येऊ शकते, तेव्हा घाटाजवळचं घर घेताना पूर कुठवर आला होता ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि प्रेस आत नेण्याआधी गवंड्याकडून जमीन ठोकून बघा. जुन्या वाड्यांत फरशीखाली धान्याचं पेव, म्हणजे पोकळ खड्डा, असू शकतं, आणि त्यावर इतकं वजन ठेवता येत नाही.