बटणं की टचस्क्रीन?

पावसाळ्यात घाटात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा एसी चालू करून वारा काचेकडे वळवायचा असतो. गोल खटका असेल तर हात आपोआप तिथे जातो, नजर रस्त्यावरच राहते. स्क्रीनवर मात्र आधी क्लायमेटचं पान उघडा, मग काचेचं चित्र शोधा. त्यात गाडी खड्ड्यात आदळली की बोट भलतीकडेच!

स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' मासिकाने 2022 मध्ये हे मोजलं. ताशी 110 किमी वेगात एसी, रेडिओ वगैरेंची चार कामं 2005 च्या बटणवाल्या व्होल्वो व्ही 70 मध्ये 10 सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या टचस्क्रीनवाल्या गाडीला 1,372 मीटर लागले. म्हणजे जवळपास चौदाशे मीटर अर्धं लक्ष स्क्रीनमध्ये.

नकाशा आणि रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी स्क्रीन हवीच, त्यात वाद नाही. गाण्यांचा आवाज स्टिअरिंगवरून कमी-जास्त होतो, तिथे दोन्ही सारखेच. पण एसी, डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणारी सोय) आणि हॅझर्ड लाइट? मी तरी शोरूममध्ये आधी तिथली बटणं चाचपून बघेन, मग स्क्रीन किती इंची ते विचारेन.