मस्करीन, मसिमॉल आणि माझे अडतीस डॉलर

फसलो याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण मी पोटापाण्यासाठी सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचे दाखले, वाचतो. कच्चा माल आला की त्याचं ॲनालिसिस सर्टिफिकेट तपासायचं, लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) जुळवायचा आणि शंका आली तर माल परत पाठवायचा, हे काम गेली चौदा वर्षं न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत करतोय. त्याआधी पुण्यात एम.एस्सी., तीही ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये. एवढं सगळं असून मार्च २०२४ मध्ये एका स्मोक शॉपमधून, म्हणजे सिगरेट-व्हेपच्या दुकानातून, दहा गमींचं (चघळायच्या जेलीच्या गोळ्यांचं) पाकीट घेतलं, आणि सर्टिफिकेट दाखवणारा मागचा क्यूआर कोड स्कॅन न करताच दोन तोंडात टाकल्या.

कारण साधं होतं, झोप येत नव्हती. मेलाटोनिन झालं, अश्वगंधा झाली, रात्रीचा चहा बंद झाला. मग मंडळाच्या कार्यक्रमात एकाने कानात सांगितलं, "अरे, ती लाल छत्रीवाली गमी घेऊन बघ. लीगल आहे." लीगल हा शब्द आपल्या माणसाला फार धीर देतो.

दुकानातला पोरगा विशीतला, अमेरिकन. माझा चेहरा बघून त्याने नेमकी तार छेडली. म्हणाला, हा तर तुमच्याच वेदांतला सोम. पाकिटावर लाल टोपी, पांढरे ठिपके आणि खाली 'अमानिता ५०० मिलिग्रॅम'. रोख दिले तर चार टक्के कमी, म्हणून मी अडतीस डॉलर रोख दिले. हे चार टक्के पुढे महागात पडले.

सोमाचं आधी सांगून टाकतो, कारण माझी पहिली फसवणूक तिथे झाली. ऋग्वेदातला सोम म्हणजे अमानिता मस्कारिया, हीच ती लाल छत्रीची अळंबी, हा तर्क न्यूयॉर्कचे बँकर आणि अळंबीवेडे गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये मांडला. तो कधीच सर्वमान्य झाला नाही. ही अळंबी बर्च, पाइन, स्प्रूस अशा झाडांच्या मुळांशी सोयरीक करून वाढते. आपल्याकडच्या सोमयागात आजही जी सोमवल्ली कुटतात, तो बिनपानांचा चिकाळ वेल आहे, छत्री नव्हे. हे मला थोडंफार माहीत होतं. तरी 'तुमच्याच वेदांतला' म्हटल्यावर छाती दोन इंच फुगलीच. आजोळी रत्नागिरीला आजी ओळखीच्या बाईकडूनच अळंबी घ्यायची, तीही वारुळावरचीच. तिने हे पाकीट उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

दोन गमी घेतल्या रात्री साडेनऊला. सव्वादहापर्यंत झोपेचा पत्ता नाही, उलट छातीत धडधड. पडद्यावरची नक्षी हळूहळू हलायला लागली. बायको म्हणाली, "अरे, आरशात डोळे बघ तुझे." बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांचा रंगच दिसेना. तिने आधी पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. १-८००-२२२-१२२२, हा नंबर अमेरिकेत राहणाऱ्यांनी आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. पलीकडच्या नर्सने घाई न करता विचारलं: जंगलातून तोडलेली अळंबी आहे की पाकिटातली? किती खाल्ली? खाल्ल्यावर किती वेळाने त्रास सुरू झाला? पाऊण तासात म्हटल्यावर ती "ओके" म्हणाली, पण लगेच इमर्जन्सीत जायला सांगितलं.

त्या 'किती वेळाने'चा अर्थ मला नंतर कळला. अमानिता हे एका अळंबीचं नाव नाही, ते अख्खं घराणं आहे, आणि घराण्यात कोणी कोणासारखं वागत नाही. अमानिता सीझरिया युरोपात चवीने खातात. अमानिता फॅलॉइड्स आणि आमच्या इकडच्या जंगलात उगवणारी पांढरीशुभ्र अमानिता बायस्पोरिजेरा यांच्यात अमाटॉक्सिन नावाची विषं असतात. ती पेशीतलं आरएनए पॉलिमरेज दोन नावाचं एन्झाइम अडवतात. म्हणजे नवी प्रथिनं बनवण्याचा निरोपच पेशीत निघत नाही. त्यात सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच वेळात यकृत जात असतं. शिजवून हे विष मरत नाही. म्हणून उशिरा सुरू झालेला त्रास जास्त घाबरवणारा. पावसानंतर इथल्या झाडीत पांढरी छत्री दिसली की 'आपल्या गावासारखीच आहे' म्हणणारे दोन काका मला माहीत आहेत. त्यांना हा परिच्छेद आधीच पाठवलाय.

इमर्जन्सीत डॉक्टर बाई आल्या तेव्हा मी, त्या अवस्थेतही, शहाणपणा करत विचारलं, "ॲट्रोपिन देणार का?" त्या हसल्या. ॲट्रोपिन हा मस्करीनच्या विषावरचा उतारा. आणि पुस्तकात आपण वाचतो ते मस्करीन, १८६९ मध्ये याच लाल अळंबीतून वेगळं काढलेलं. शरीरातल्या मस्करिनिक रिसेप्टरना (पेशींवरच्या, ठरावीक रेणूनेच उघडणाऱ्या कुलपांना) नाव मिळालं ते त्याचंच. पण गंमत अशी की या अळंबीत ते नावापुरतंच, अगदी अंशमात्र असतं. ते भरपूर असतं इनोसायबीसारख्या भलत्याच छत्र्यांमध्ये. नावातच मस्करी आहे म्हणा ना. मस्करीन चढलं तर घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक बाहुल्या, मंद नाडी. माझं तोंड कोरडं, बाहुल्या बटणाएवढ्या, नाडी १२८. ॲट्रोपिन दिलं असतं तर आगीत तेल.

लाल छत्रीचा खरा कारभार दोन रेणूंकडे असतो. आयबोटेनिक आम्ल मेंदूतल्या ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाची नक्कल करतं, म्हणजे पेशींना चेतवतं. इतकं, की प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतला नेमका भाग मारायला ते वापरत आलेत. वाळवताना किंवा तापवताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की उरतं मसिमॉल. हे गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाच्या कुलपात बसतं आणि पेशींना गप्प करतं. म्हणजे एकाच छत्रीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, आणि कुठला किती हे त्या छत्रीवर, हंगामावर, वाळवणाऱ्याच्या हातावर. म्हणूनच ती खाल्लेला माणूस कधी पेंगतो, कधी बरळत उठतो, स्नायू फडफडतात, पुन्हा गाढ झोपतो. '५०० मिलिग्रॅम अमानिता' हा आकडा यातलं काहीही सांगत नाही. खेळ सगळा काही मिलिग्रॅम मसिमॉलचा. आमच्या कंपनीत कोणी 'अर्क, ५०० मिलिग्रॅम' एवढंच लिहून माल पाठवला तर गेटवरूनच परत जाईल.

झोपेचं म्हणाल तर मसिमॉलच्या रचनेत बदल करून डेन्मार्कमध्ये गॅबोक्सॅडॉल नावाचा रेणू बनवला होता. झोपेचं औषध म्हणून तो शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचला आणि २००७ मध्ये सोडून दिला गेला. भ्रम आणि गोंधळलेपण ही त्यामागच्या कारणांपैकी होती. मोठ्या कंपन्यांना मोजूनमापून जे जमलं नाही, ते स्मोक शॉपच्या काउंटरवर आंब्याच्या चवीत मिळणार होतं.

डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "हे नुसतं मसिमॉल वाटत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच आत असेल असं धरू नका." नेहमीच्या लघवीच्या ड्रग टेस्टमध्ये यातलं काही दिसत नाही, ती कोरी आली. यकृताच्या तपासण्या ठीक. सकाळी सहाला घरी. इन्शुरन्स असूनही साडेतीनशे डॉलर खिशातून.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन मी तो क्यूआर कोड स्कॅन केला, आणि सर्टिफिकेट उघडलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाकिटावर गमी, कागदावर चॉकलेट. लॉट नंबर वेगळा. नमुना मिळाल्याची तारीख रिपोर्टच्या तारखेनंतरची! मसिमॉलपुढे आकडा नाही, नुसतं 'पास'. आयबोटेनिक आम्लाची ओळच नाही. कुठल्या पद्धतीने मोजलं, किमान किती मोजता येतं, काही नाही. सायलोसिन, म्हणजे 'मॅजिक मशरूम'मधला भ्रम आणणारा रेणू, तपासलंच नव्हतं. तिन्ही चवींच्या पाकिटांना हाच एक कागद जोडलेला, हे मी दुकानात जाऊन पाहून आलो.

दुकानदार म्हणाला, फोडलेलं पाकीट परत नाही. रोख दिल्यामुळे कार्डावरून पैसे अडवायची सोय नव्हती. पाकिटावरचा पत्ता पोस्टाच्या पेटीचा निघाला. ईमेलला उत्तर नाही, आणि महिन्याभरात वेबसाइटही गेली.

मग त्या उन्हाळ्यात एकेक बाहेर यायला लागलं. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलच्या डॉक्टरांनी, अशा गमी खाऊन आलेल्या पाच रुग्णांनंतर, दुकानातून पाकिटं आणून तपासली. काहींत लेबलवर नसलेलं सायलोसायबिन (हेही मॅजिक मशरूममधलंच), सायलोसिन सापडलं. शिवाय कॅफीन, इफेड्रिन हे उत्तेजक, आणि क्रॅटम या झाडाच्या पानांतलं मित्रागायनिन. जून २०२४ मध्ये एका ब्रँडची मसिमॉलवाली चॉकलेटं आणि गमी देशभरातून परत मागवावी लागली. ती खाऊन ऑक्टोबरअखेरपर्यंत ३४ राज्यांतून १८० जण आजारी पडल्याची नोंद झाली. डिसेंबरमध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, सांगितलं की अमानिता मस्कारिया, तिचा अर्क, मसिमॉल, आयबोटेनिक आम्ल, यातलं काहीच खाद्यपदार्थात घालायला परवानगी नाही. 'लीगल आहे' म्हणजे फक्त एवढंच होतं की ते बाळगल्याबद्दल पोलीस पकडत नव्हते.

माझ्या गमीत नेमकं काय होतं ते मला आजही माहीत नाही. उरलेल्या आठ झिपलॉकमध्ये, तारीख घालून, कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात आहेत. रिटेन सॅम्पल, म्हणजे पुढे तपासायला राखून ठेवलेला नमुना, ठेवायची सवय, दुसरं काय. बायको म्हणते फेकून दे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, कोणी सांगूही नका.

एफडीएकडे तक्रार केली. आठवड्याने एका बाईंचा फोन आला, शांतपणे सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, लॉट नंबर सांगा. मी विचारलं, पाकिटावरचा की सर्टिफिकेटवरचा? पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, दोन्ही द्या.