परमेथ्रिन ५% क्रीम : खरजेवर काम करतं, पण अख्ख्या घराने एकाच रात्री लावलं तर

आधीच सांगते, क्रीम चांगलं आहे, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार औषधाचा नाही, ट्यूबसोबत जो कागद येतो त्याचा आहे. मुंगीएवढी अक्षरं, आणि रात्री लेकराला घेऊन बसलेल्या आईबापाला जे खरंच हवं असतं ते कुठेतरी मध्येच दडलेलं. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलाय.

आमच्या धाकटीला बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुरळ आलं. दिवसा फारसं काही नाही पण अंथरुणात शिरली की खाज सुरू, झोपेत खाजवून खाजवून रक्त काढायची. मग बेंबीभोवती, काखेत, तळव्यांवर पण दिसायला लागलं आणि थोरला पण खाजवायला लागला. रात्री वाढणारी खाज आणि घरात एकापेक्षा जास्त जण खाजवतायत, हे एकत्र दिसलं की खरजेची शंका घ्यायची. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर तेच सांगितलं आणि हे क्रीम लिहून दिलं. दाखवून मगच आणा, कारण नायट्यासाठी म्हणून जी स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास लावतात त्यांनी खाज तेवढ्यापुरती दबते, पुरळाचं रूप बदलतं, ओळखायला अवघड होतं आणि ज्यांच्यामुळे खरूज होते ते कातडीतले बारीक किडे तसेच राहतात.

आता मुख्य गोष्ट. किडा अर्धा मिलिमीटर पण नसतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते, रोज २-३ अंडी घालते, ३-४ दिवसांत ती फुटतात. अंगावर किडे साधारण १०-१५च असतात, इतकी खाज येते ती किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा ह्यांची शरीराला ॲलर्जी येते म्हणून. आणि पहिल्यांदाच खरूज होत असेल तर ही ॲलर्जी जागी व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात! म्हणजे घरातला जो माणूस आज "मला काही होत नाहीये" म्हणतोय त्याच्या अंगावर किडे असू शकतात आणि तो ते पोराला परत देऊ शकतो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, अगं मला कशाला माखतेस, मला कुठे खाज आहे. त्यांना हे सगळं बसून सांगितलं तेव्हा तयार झाल्या. सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, पोराला आज आणि बाकीच्यांना रविवारी असं करून उपयोग नाही. क्रीम लावून फरक पडला नाही म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो की घरात कोणाकोणाला लावलं.

लावताना फक्त पुरळावर लावायचं नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे, बेचक्यात, काखेत, बेंबीत, ढुंगणाच्या घडीत, जांघेत, तळव्यांना, नखं कापून नखांच्या खाली पण. अगदी लहान बाळांना डोकं आणि चेहऱ्यावर पण लावायला सांगतात, डोळे आणि तोंडाच्या आजूबाजूची जागा सोडून. गरम पाण्याने आंघोळ घालून लगेच लावू नका, अंग कोरडं आणि गार होऊ द्या. ८ ते १४ तास ठेवायचं, म्हणून रात्रीच बरं पडतं, सकाळी धुवून टाकायचं. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावा, हे सगळे विसरतात. बोटं चोखणाऱ्या पिल्लाच्या हातात मोजे घाला.

क्रीम चिकट नाही, वास जवळजवळ नाहीच, खाजवून सोललेल्या जागी थोडं चुरचुरतं पण पोरगी रडली नाही. ह्याच कामाचं बेन्झिल बेन्झोएट लोशन फार झोंबतं, आणि गंधकाच्या मलमाला वास येतो, कपडे पण खराब होतात. लिंडेन नावाचं जुनं औषध कोणी सुचवलं तर मुलांना नको, त्याचा मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो.

एका आठवड्याने सगळ्यांनी परत एकदा लावायचं, मधल्या काळात अंड्यातून जे बाहेर आले असतील ते ह्या दुसऱ्या फेरीत मरतात. बरं वाटतंय म्हणून ही फेरी गाळू नका प्लीज.

आणि खाज लगेच थांबत नाही! किडे मेले तरी कातडीतला कचरा हळूहळू जातो, २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. ह्याच काळात लोक घाबरून रोज रोज क्रीम चोपडतात, त्याने कातडी कोरडी पडून उलट जास्त खाजतं. आम्ही साधं मॉइश्चरायझर आणि रात्री डॉक्टरांनी दिलेलं खाजेचं सिरप एवढ्यावर काढलं. पण चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल किंवा नवीन फोड येत असतील तर परत दाखवा.

कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूला, माणसाच्या अंगाबाहेर किडा २-३ दिवसच टिकतो. घरभर फवारणी वगैरे काही लागत नाही.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, कोणी गरोदर असेल, किंवा फोडांत पू, पिवळट खपल्या, ताप दिसला तर घरच्या घरी काही करू नका, थेट डॉक्टर. खाजवलेल्या जागेत जंतू शिरले तर पुढे किडनीपर्यंत त्रास जाऊ शकतो.

अस्वच्छतेमुळे होते असं समजून लोक लपवतात त्याचं मला फार वाईट वाटतं. जगात कुठल्याही वेळी २० कोटींहून जास्त लोकांना खरूज असते, कातडीला कातडी लागून पसरते, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. शाळेत सांगा, पहिली फेरी झाली की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकतं.

घेताना हिशोब करून घ्या, मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमच्या आसपास लागतं, मुलांना कमी, आणि फेऱ्या दोन. अर्ध्या घराला पुरेल एवढंच आणलं तर त्या रात्री सुरूच करू नका, सगळ्यांचं हातात आलं की मग लावा.