पीएलए की उसापासूनचे पॉलिथिन : पॅकिंग निवडण्यापूर्वी

‘वनस्पतिजन्य प्लॅस्टिक’ या एकाच नावाने विकले जाणारे दोन पदार्थ, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेले पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) आणि उसाच्या इथेनॉलपासून केलेले पॉलिथिन, शेतातून येतात हे खरे. पण वापर संपल्यावर त्यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. ज्यूस सेंटर, खानावळ किंवा घरगुती खाद्यपदार्थांच्या व्यवसायासाठी पॅकिंग घेणाऱ्याने म्हणूनच आपला कचरा नेमका कुठे जातो, हे सर्वांत आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

ब्राझीलमधील ब्रास्केम कंपनी 2010 पासून उसापासूनचे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनवते. त्याच्या रेणूची रचना खनिज तेलापासूनच्या पॉलिथिनसारखीच असल्यामुळे ते कुजत नाही, मात्र नेहमीच्या पॉलिथिनबरोबर भंगारात जाऊन पुन्हा वितळवता येते. एक किलो मालातला कार्बन म्हणजे उसाने हवेतून घेतलेला सुमारे 3.1 किलो कार्बन डायऑक्साइड होय. माल जाळला की तो हवेत परत जातो, त्यामुळे वस्तू जितकी जास्त काळ टिकेल तितका त्याचा लाभ मोठा.

पीएलएच्या बाबतीत हा आकडा किलोमागे सुमारे 1.8 भरतो आणि त्याची खरी मदार कुजण्यावर आहे. पीएलएच्या साध्या पारदर्शक ग्लासात वाफाळता चहा ओतला तर ग्लास मऊ पडून वाकतो, कारण 55 ते 60 अंश सेल्सिअसला हा पदार्थ सैल होतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या झपाट्याने तुटून तो कुजायलाही साधारण तेवढीच उष्णता, शिवाय ओलावा लागतो. कुजणाऱ्या प्लॅस्टिकसाठीच्या आयएस 17088 या भारतीय मानकात 180 दिवसांत 90 टक्के जैविक विघटनाची अट आहे, पण ती चाचणी सुमारे 58 अंशांवर होते. सोसायटीच्या लहानशा खतखड्ड्यात इतकी उष्णता आठवडेच्या आठवडे टिकत नाही आणि समुद्रात तर ती नसतेच, त्यामुळे तेथे पीएलए वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. सुक्या कचऱ्यात गेल्यास आणखी एक अडचण येते: कचरावेचक ताईंच्या हाताला पीएलएचा ग्लास आणि पेटचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा) ग्लास सारखेच लागतात, आणि पेट वितळते त्या सुमारे 250 अंशांना पीएलए खराब होऊन सगळ्या मालाची प्रत घसरते.

कच्च्या मालाचा प्रश्न दोघांनाही लागू आहे. जेजुरीला प्राज कंपनीचा जैव-पॉलिमरचा (पीएलएसारख्या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचा) प्रात्यक्षिक प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला, ही आशादायक गोष्ट आहे. तरीही मराठवाड्यासारख्या तहानलेल्या भागात उसाखालचे क्षेत्र वाढवून प्लॅस्टिक करणे मला पटत नाही.

ओला कचरा उष्णता राखणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पात जात असेल, तर त्याच्या पिशव्यांसाठी कुजणारे प्लॅस्टिक घ्यावे, मात्र विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र जरूर मागावे. तशी सोय नसेल तर बरण्या आणि डबे उसापासूनच्या पॉलिथिनचे घ्यावेत. बसून पिणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र स्टीलच्या पेल्यातच द्यावे.