शाळेच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅनिंग सेवा: पैसे वसूल, पण अटी घालून
पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, छोट्या शाळेचा इतिहास लिहायचा तर प्रवेशाच्या नोंदवह्या हाच खरा ऐवज. त्यांच्यासाठी वरून फोटो घेणारा स्कॅनर असलेलीच सेवा निवडा. त्यात वही व्ही आकाराच्या आधारावर अर्धवट उघडी राहते. सपाट काचेवर दाबली की शिवण उसवू शकते. 400 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके, म्हणजे चित्राची सूक्ष्मता), रंगीत, टिफ फाइल (तपशील न गमावता चित्र साठवणारा प्रकार), हे आधीच लिहून घ्या. कृष्णधवल प्रतीत फिकट शाई आणि समासातले पेन्सिलीचे शेरे उडतात, आणि मुलानं शाळा का सोडली ते अनेकदा तिथेच सापडतं! मजकूर आपोआप ओळखण्याची सोय मात्र जुन्या हस्ताक्षरापुढे अनेकदा चुकते. नावं माणसानेच टंकावीत, जन्मतारखा चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीशी ताडाव्यात. लॅमिनेशन सुचवलं तर साफ नकार द्या. ते कागद न फाटता निघत नाही.